बांधावरचा ढीग अजून देऊ नका

फ्लिक-आं-फ्लाक, मॉरिशस
मे महिना, गुरुवार सकाळ

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आवाज तुटत होता. आई, तू नेहमीसारखं "जेवनी का बेटा?" विचारलंस आणि मागून आप्पांचं एवढंच ऐकू आलं की खडीवाला येऊन गेला, बरडाच्या बांधावरचा दगडांचा ढीग मागतोय. मग फोन कटलाच. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून उजाडताच लिहायला बसले. पानांचे फोटो पुतण्याच्या मोबाइलवर पाठवते, तो वाचून दाखवेल. कागद मात्र मी घरी येऊन तुमच्या हातात देणार आहे.

आधी खुशाली. आम्ही दोघं मजेत आहोत. तिकडे पारा ४४-४५ वर असेल. इथे विषुववृत्ताच्या खाली हिवाळा सुरू होतोय, पहाटे अंगावर चादर लागते. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. लग्नाला वीस वर्षं झाली, पण हे आणि मी कुठलीही घाई नसताना एका जागी असे पहिल्यांदाच बसलो. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, समुद्राकाठाने चालायचं. प्रवाळाची भिंत लांब पाण्यात असल्यामुळे लाटा तिथेच फुटतात आणि काठाशी पाणी तळ्यासारखं निवांत असतं. आई, तुला या पाण्याची भीती वाटणार नाही. गुडघाभर पाण्यात तू खुशाल बसशील.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम पाहून ठेवली आहे. रस्त्यावर गाड्यांवर दालपुरी मिळते. पिवळी डाळ शिजवून, वाटून, पातळ पोळीत भरतात. पुरणपोळीच म्हण, फक्त गोड नाही. दोन पुऱ्या एकावर एक ठेवून त्यात मोठ्या पावट्यांची भाजी, टमाट्याचा रस्सा आणि मिरचीचा ठेचा घालतात आणि कागदात गुंडाळून हातात देतात. एका गाडीवर साठीच्या बाई होत्या. त्यांनी पुरी तव्यावरून उचलली तशी ती बोटांवर लोंबली, पण फाटली नाही. मला तू दिसलीस, आखाजीला दोन्ही हातांवर मांडा मोठा करत खापरावर टाकताना. लग्नात इथे ही पुरी खिरीबरोबर वाढतात म्हणे.

शामारेलची सात रंगांची माती पाहिली, धबधबा पाहिला. सुंदर आहेच, फोटोत दिसेल. गंगा तलावाला मात्र मी तासभर हलले नाही. ज्वालामुखीच्या जुन्या मुखात साठलेलं ते पाणी, काठावर देवळं आणि जवळच १०८ फुटी महादेव. १९७२ साली गंगेचं पाणी आणून या तळ्यात घातलं. महाशिवरात्रीला लोक बेटाच्या कानाकोपऱ्यातून कावडी घेऊन पायी येतात, आपल्याकडे सप्तशृंगीला जातात तसे. कुरपिप गावात तर घरांच्या मधोमध ज्वालामुखीचं तोंड आहे. आत वाकून पाहिलं तर खाली गर्द झाडी. हजारो वर्षांपासून थंड आहे, काळजी करू नका.

आता आप्पा, तुमच्यासाठी.

इथे सगळीकडे ऊस आहे. तुरे आलेला, वाऱ्यावर पांढरा हलणारा. त्या उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग उभे आहेत, काही तर घरापेक्षा उंच. पहिला ढीग दिसला तेव्हा मी गाडी थांबवायला लावली. दगडावर हात ठेवला. तोच आपला काळा दगड, अंगावर बारीक भोकं असलेला, उन्हाने तापलेला. मला एकदम आपलं बरड आठवलं. मी दुसरीत होते. नांगरट झाली की तुम्ही टोपली घेऊन तासामागून तास वाकून दगड वेचायचे, मी फ्रॉकच्या ओच्यात गोटे भरून मागे मागे. तुमच्या उजव्या अंगठ्याचं नख एका धोंड्याखाली सापडून काळं पडलं होतं आणि ते गळून नवं येईपर्यंत तुम्ही त्याच हाताने वेचत होता. लोक म्हणायचे, बरड कधी पिकत नाही. चौथ्या वर्षी तिथे बाजरी कमरेच्या वर गेली.

आमच्या गाडीचे चालक मराठी. घरात आता क्रिओल बोलतात, पण त्यांचे पूर्वज कोकणातून आलेले. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आमच्या म्हाताऱ्यांचे हात." मग आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. १८३४ पासून पुढच्या ८०-९० वर्षांत जवळजवळ साडेचार-पाच लाख माणसं मजुरीच्या करारावर हिंदुस्थानातून या बेटावर उतरली. सुरुवातीला करार ५ वर्षांचा आणि पुरुषाला पगार महिन्याला ५ रुपये. बोटीतून उतरल्यावर चढायच्या दगडी पायऱ्या अजून आहेत, सोळा. त्याच काळ्या दगडाच्या. आता शेतातले दगड यंत्रं काढतात, पण जुने ढीग हातांनी लागले. मी त्या पायऱ्यांपाशी रडले. हे काही बोलले नाहीत, नुसते शेजारी उभे राहिले.

मी आठवीला भूगोल शिकवते, पण जे वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं ते इथे हाताला लागलं. पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे, तिच्यावरून जमिनीचं कवच सरकत जातं. आई, असं समज, चूल एका जागी पेटलेली आहे आणि वरचे मांडे बदलत जातात. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी त्या चुलीवर आपला मुलूख होता. तेव्हा जो लाव्हा थरावर थर पसरला तो दख्खनचा काळा खडक, आणि तो झिजून आपली कापसाची काळी माती झाली. साक्रीच्या वाटेवर डोंगरातून सरळ भिंतीसारखे उभे असलेले दगड तुम्ही मला दाखवायचे ना आप्पा, ते म्हणजे जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेला लाव्हा. पुढे आपला देश उत्तरेला सरकला. त्याच चुलीवर लक्षद्वीप, मालदीवच्या बुडाचा खडक तयार झाला, मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी हे मॉरिशस. आता इथून साधारण २०० किलोमीटरवर रियुनियन बेट त्या चुलीवर आहे, तिथला ज्वालामुखी आजही धगधगतो.

म्हणजे तुम्ही बरडातून वेचलेला गोटा आणि इथल्या मजुरांनी उसातून वेचलेला गोटा एकाच चुलीतले. हे मला तुमच्यासमोर बसून सांगायचं आहे, त्या ढिगावर बसून.

म्हणून एक मागते. खडीवाल्याला एवढ्यात हो म्हणू नका. पैशाची अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा, हे आणि मी बघू. जून उजाडला की मी माझ्या वर्गाची मुलं घेऊन येते. त्यांना तो ढीग पाहू दे, तुमच्या तोंडून ऐकू दे की किती उन्हाळे लागले. त्यानंतर तुम्ही ठरवाल ते.

आणि दोघांच्या पासपोर्टचे कागद काढून ठेवा. आधार आणि आप्पांचा शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीत आहे, निळ्या पिशवीत. आई, गुडघ्याचं निमित्त सांगू नकोस, इथे सगळीकडे गाडी दारापर्यंत जाते.

शनिवारी रात्री मुंबईत उतरतो, रविवारी दुपारपर्यंत गावी. आप्पा, फाट्यावर उन्हात उभे राहू नका, आम्ही रिक्षा करून येऊ. आई, कळण्याची भाकरी आणि ठेचा कर, बाकी काही नको.

तुमची,
ताई