नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

गेल्या महिन्यात लावणी करताना घोणस चावलेल्या ताईंना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आमच्या ग्रामीण रुग्णालयात आणणाऱ्या पोरांनो, तुमचे मनापासून आभार. तुम्ही पायाला करकचून दोरी आवळली नाहीत, ब्लेड लावलं नाहीत, मांत्रिकापायी वेळ दवडला नाहीत. उलट बांबूची कामटी बांधून पाय हलू दिला नाहीत, आणि जोडवी आधीच काढलीत. सूज चढली की तीच रुततात! ज्या कुणी तुम्हाला हे शिकवलं, त्यांनाही नमस्कार.

काचेच्या नळीतलं रक्त 20 मिनिटांनंतरही गोठलं नव्हतं, म्हणजे विष अंगात भिनलं होतं. सर्पविषावरची लस सुरू केली आणि तिची रिअ‍ॅक्शन येऊन अंगावर गांधी उठल्या. सिस्टरांनी कुणाच्या हुकुमाची वाट न बघता लस थांबवली, रिअ‍ॅक्शनवरचं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन भरून माझ्या, म्हणजे डॉक्टरच्या, हातात दिलं. त्या घडीला वॉर्ड त्याच चालवत होत्या, आणि माझ्या मते तसंच असायला हवं.

पुढे लघवी कमी झाली, डायलिसिससाठी जिल्ह्याला हलवावं लागलं. घाटात आडवं पडलेलं झाड भर पावसात कापून 108च्या गाडीला वाट करून देणाऱ्यांचेही आभार.

ताईंची किडनी सावरली आहे. परवा तपासणीला आल्या, तेव्हा तुमचीच चौकशी करत होत्या. पोरांनो, एकदा येऊन त्यांना भेटा.