सूप हेल्दीच होतं, तेवढा क्यूब काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही मीटबॉल आणि पालेभाजीच्या इटालियन सूपची 'हेल्दी' रेसिपी छापलीत, तिच्याबद्दल लिहितेय. फोटो झकास होता, पण रेसिपी वाचून खरंच चिडचिड झाली. हेल्दी करायच्या नादात तुमच्या लेखिकेने अंडं काढलं, चीज काढलं, ऑलिव्ह ऑइल काढलं, ब्रेड काढला, आणि दीड लिटर पाण्यात तीन स्टॉक क्यूब (मांस-भाज्यांच्या रस्स्याच्या चवीच्या तयार वड्या) मात्र जसेच्या तसे ठेवले, वरून परत 'मीठ चवीनुसार' आहेच. पालक किती, तर मूठभर!

आता जरा हिशेब करू. बाजारातला स्टॉक क्यूब साधारण 10 ग्रॅमचा असतो आणि बहुतेकांमध्ये त्यातलं जवळपास निम्मं नुसतं मीठ असतं (पाकिटामागे सोडियम दिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं). तीन क्यूब म्हणजे पातेल्यात 15 ग्रॅमच्या आसपास मीठ गेलं, चार जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या बोलमध्ये पावणेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. एका बोलमध्येच दिवसाचा बहुतेक कोटा संपला की, आणि ज्याचं बीपी आहे तो बिचारा हेल्दी लिहिलंय म्हणून दुसरा बोल पण घेणार.

उलट ज्या चीजला एवढं घाबरलात त्याचं बघा. पार्मिजानोमध्ये 100 ग्रॅमला मीठ असतं दीड-पावणेदोन ग्रॅम. चार जणांच्या मीटबॉलमध्ये 30 ग्रॅम किसून घातलं तरी सगळ्या पातेल्याला मिळून अर्धा ग्रॅम होतं, आणि चव अशी येते की वेगळं मीठ फारसं लागतच नाही. अजून एक, या चीजची कडक साल लोक फेकून देतात, ती फेकू नका. ती साल म्हणजे वाळून घट्ट झालेलं चीजच असतं, मेण वगैरे काही लावलेलं नसतं, त्यामुळे बाहेरून खरवडून, धुऊन स्टॉकमध्ये सोडायची आणि शेवटी काढून टाकायची. क्यूबमधून जी चव विकत घेतो ती इथे आयतीच मिळते.

स्टॉक घरी करणं म्हणजे काही मोठं काम नाहीये. चिकनची हाडं, एक कांदा, एक गाजर, सेलरीची काडी, तमालपत्र, थोडे काळी मिरी दाणे, वर गार पाणी आणि दीड-दोन तास एकदम मंद आच, अधूनमधून फेस काढायचा, बास. मीठ अजिबात नाही. गाळून लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवला की चरबी वर थिजते, ती चमच्याने उचलून टाकता येते, म्हणजे लो-फॅटवाल्यांचंही समाधान झालं. जास्तीचा फ्रीझरमध्ये टाका. रोज घाईत असणाऱ्यांना हे जमणार नाही हे मान्य, तर मग बिनमिठाचा तयार स्टॉक मिळाला तर तो घ्या, नाहीतर एकच क्यूब घाला आणि बाकी मीठ बंद.

आणि पालेभाजी! हे सूप मुळात पालेभाजीचंच आहे हो. नेपल्सकडे जे जुनं सूप करतात, मिनेस्त्रा मारिताता, त्यात एस्कारोल, चिकोरी, कोबी असा चार-पाच प्रकारचा पाला असतो आणि डुकराच्या मांसाचे तुकडे, आणि ते ख्रिसमसला आणि ईस्टरला होतं. सतराव्या शतकात मॅकरोनीचा सुळसुळाट व्हायच्या आधी नेपल्सच्या लोकांना बाकीचे इटालियन 'पानं खाणारे' म्हणून चिडवायचे, इतका पाला त्यांच्या जेवणात असायचा. छोटे मीटबॉल आणि बारीक पास्ता घातलेलं आजचं प्रसिद्ध रूप बरंचसं अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांनी रुजवलं, पिट्सबर्गच्या भागात तर ते आजही फार लाडकं आहे. म्हणून चार जणांना 250 ग्रॅम खिमा घेतलात तर कच्चा पाला किमान 400 ग्रॅम तरी हवा. भांड्यात मावणार नाही असं वाटतं, पण पालक गरम स्टॉकमध्ये गेला की मिनिटभरात बसतो.

त्यातही तुमच्या रेसिपीत पालक अर्धा तास उकळायला सांगितलाय, का ते कळलं नाही. पालक शेवटी घालायचा, दोन मिनिटं, गॅस बंद. केल असेल तर मधला दांडा काढून दहा मिनिटं. एस्कारोल जरा कडवट असतो, तो पाच मिनिटांत होतो, आणि चिकोरीचा कडूपणा जास्त वाटला तर आधी वेगळ्या पाण्यात उकळून पिळून घ्या. आणि शेवटी चमचाभर ऑलिव्ह ऑइल वरून घालाच, पाल्यातलं बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन के अंगी लागायला थोडं फॅट लागतंच, तेच काढून टाकलं तर हेल्दी कसलं? लिंबू पिळलं तर अजून चांगलं, कारण पालकातलं लोह शरीर फार कमी शोषतं, पण सोबत व्हिटॅमिन सी आणि थोडं मांस असेल तर जास्त शोषलं जातं. म्हणजे मीटबॉल आणि पाला ही जोडी तशी बरोबरच जमलेली आहे, कुणी आकडेमोड न करता.

मीटबॉलबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण तिथेच सगळ्यांचं बिघडतं. नुसता चिकन ब्रेस्टचा खिमा मळून उकळत्या पाण्यात टाकला की रबरी बॉल होणार, दुसरं काय होणार. मांडीच्या मांसाचा खिमा घ्या. ब्रेडचा एक स्लाइस कडा काढून दोन-तीन चमचे दुधात भिजवा, कुस्करा, त्यात एक लहान अंडं, किसलेलं चीज, बारीक चिरलेली पार्सली, लसणाची एक पाकळी किसून, मिरपूड, आणि मग खिमा. हे सगळं हलक्या हाताने एकत्र करायचं, कणकेसारखं मळत बसायचं नाही. भिजलेला ब्रेड ओलावा धरून ठेवतो म्हणून बॉल मऊ राहतो, तो काढून कॅलरी वाचतात त्या नगण्य. हात ओले करून गोटीएवढे, साधारण 2 सेंटिमीटरचे बॉल करा, चमच्यात पाल्यासोबत एक-दोन यायला हवेत. स्टॉक खदखदत असेल तर बॉल फुटतात, बारीक बुडबुडे येताहेत एवढ्याच आचेवर सोडा, आठ-दहा मिनिटं. चिकनचा खिमा आतपर्यंत 74 अंशांना पोचला पाहिजे, थर्मामीटर असेल तर बघा, नसेल तर एक मोठा बॉल मधून कापून बघा, पण नुसत्या रंगावर फार भरवसा ठेवू नका. खिम्यात वरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, त्यामुळे आत कच्चं अजिबात चालत नाही.

पास्ता वेगळा शिजवा आणि वाढताना बोलमध्ये घाला. पातेल्यात राहिला तर रात्रीत सगळा स्टॉक पिऊन फुगतो.

एक चौकट तुम्ही छापायला हवी होती. वॉरफरिन नावाची रक्त पातळ करायची गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी हेल्दी म्हणून एकदम रोज भरपूर पालक-केल सुरू करू नये, व्हिटॅमिन के त्या गोळीचा परिणाम कमी करतं. बंद करायची गरज नसते, पण प्रमाण रोज साधारण सारखं हवं आणि बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला हवं.

तर विनंती एवढीच, पुढे कुठल्याही रेसिपीवर 'हेल्दी' असा शिक्का मारणार असाल तर 'चवीनुसार' न लिहिता माणशी मीठ किती ग्रॅम जातं ते छापा, क्यूब धरून.

आपली,
एक नियमित वाचक