रंग हवा तर लोशनचा, दिव्यांचा नको

महोदय,
शरीरसौष्ठव स्पर्धा जवळ आल्या की स्नायू उठून दिसावेत म्हणून नाशिकमधली मुले कातडी गडद करायच्या मागे लागतात. कुणी गच्चीवर भर दुपारी उघड्या अंगाने झोपतो, कुणी टॅनिंग बेडची, म्हणजे अतिनील दिव्यांखाली झोपून कातडी गडद करायच्या यंत्राची, चौकशी करतो. या बेडचे अतिनील किरण पेशींतला डीएनए बिघडवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये त्यांना कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या, म्हणजे तंबाखूच्याच गटात टाकले. सावळ्या कातडीला काही होत नाही, हा समज सोडाच.

त्याऐवजी डीएचए (डायहायड्रॉक्सिअॅसिटोन, कातडीला तपकिरी रंग देणारे रसायन) असलेले लोशन घ्या. त्याचा रंग फक्त वरच्या मृत थराला चढतो. आधी कोपराच्या आत थोडे लावून २४ तास पाहा. अंगावरचे केस आदल्या दिवशीच काढा. कोपर, गुडघे, घोट्यांची कोरडी कातडी रंग जास्त ओढते आणि डाग पडतात, म्हणून तिथे व्हॅसलिनचा हलका हात फिरवा. लावून झाल्यावर तळहात लगेच साबणाने धुवा, नाहीतर नारिंगी होतील. पुढे ६ ते ८ तास आंघोळ नको, व्यायामही नको. स्प्रे असेल तर डोळे, ओठ झाका, फवारा नाकात जाऊ देऊ नका. हा रंग उन्हापासून वाचवत नाही. बाहेर पडताना सनस्क्रीन लागतेच.

– एक व्यायाम प्रशिक्षक, सिडको, नाशिक