पुष्पगुच्छाऐवजी रोप द्या, पण भोक असलेल्या कुंडीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत घरात ठेवायच्या रोपांवर लेख आला होता. जेडचं रोप रात्रीसुद्धा प्राणवायू देतं आणि त्याला रोज थोडं थोडं पाणी घालावं, असं त्यात म्हटलं आहे. पहिलं विधान चुकीचं आहे आणि दुसरं ऐकलं तर रोप हातचं जातं. मृग तोंडावर आला आहे, म्हणून घाईनं लिहिते आहे.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या चिपळुणात सत्कार सुरू होतात. अलीकडे पुष्पगुच्छ मागे पडून मुलांच्या हातात रोप दिलं जातं. १ जुलैच्या कृषी दिनालाही तेच. ही पद्धत मला मनापासून आवडते. संध्याकाळी उकिरड्यावर पडणाऱ्या गुच्छापेक्षा रोप केव्हाही चांगलं. पण ते रोप बहुधा जेडचं असतं आणि ज्या चकचकीत चिनीमातीच्या कुंडीत ते येतं, तिच्या बुडाला भोकच नसतं. आत गच्च दाबलेलं कोकोपीट. वरून पांढऱ्या गोट्या चिकटवलेल्या, म्हणजे बोट घालून ओल बघायचीही सोय नाही.

श्रावणात शेजारपाजारचे लोक अशा कुंड्या माझ्याकडे घेऊन येतात. लांबून रोप हिरवं दिसतं. फांदीला धक्का लागला की पानं टपाटप गळतात, बुंधा चिमटीत धरला तर मऊ लागतो आणि कुंडी उपडी केली की नासक्या पाण्याचा वास येतो. मुळं काळी पडून दोऱ्यासारखी सुटी झालेली असतात. मग घरातली मुलं विचारतात, "आम्ही तर रोज पाणी घालत होतो, मग मेलं कसं?" त्या मुलांचा काही दोष नसतो. त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

आपल्याकडे जेड म्हणून मिळतं ते पुष्कळदा पोर्टुलाकारिया आफ्रा असतं. खरं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा. दोन्ही दक्षिण आफ्रिकेतली, पण कुळं वेगळी. पोर्टुलाकारियाचं पान बोटाच्या नखाएवढं, फांद्या तांबूस आणि लवचिक, खाली झुकणाऱ्या. क्रासुलाचं पान चांगलं अंगठ्याएवढं, जाड, उन्हात कडेला लाली धरणारं, आणि खोड ठेंगणं, भरीव. हा फरक मांजर-कुत्रं पाळणाऱ्यांनी तरी जरूर लक्षात ठेवावा. क्रासुलाचं पान त्यांच्या पोटात गेलं तर उलट्या होतात. पोर्टुलाकारियाचा असा त्रास नाही. तिकडे हत्ती ते झुडूप आवडीनं खातात, आणि खाताना मोडून खाली पडलेल्या फांद्या तिथल्या तिथे मुळं धरतात. आपल्या घरी छाट लावला की तो पटकन जगतो, तो याच गुणामुळे.

आता प्राणवायूचं. अशा मांसल पानांच्या झाडांची पानांवरची छिद्रं दिवसा मिटलेली असतात, नाहीतर कोरड्या उन्हात पाणी उडून जाईल. ती रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. दिवस उजाडला की तो साठा वापरून झाड अन्न तयार करतं. प्राणवायू निर्माण होतो तो याच वेळी, कारण त्याला प्रकाश लागतो. रात्री वायू आत घेतला जातो, एवढ्यावरून रात्री प्राणवायू सोडला जातो असा अर्थ कुणीतरी काढला आणि तो सगळीकडे पसरला. या आम्लाच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक आपल्या देशातलीच आहे. बेंजामिन हाइन हे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट, असं त्यांनी १८१३ साली पत्रातून कळवलं होतं. ती पानफुटी आमच्या कोकणात गडग्यावर आपसूक उगवते. एवढी विलक्षण गोष्ट शेजारी असताना मुलांना भलतंच का शिकवायचं?

पोर्टुलाकारियाची तर आणखी एक गंमत आहे. पाणी भरपूर असलं की ते बाकीच्या झाडांसारखं दिवसाच छिद्रं उघडतं आणि ताण बसला की रात्रीच्या पद्धतीवर जातं. ताण सोसायची त्याची अशी तयारी असते. कुंडीत साचलेल्या पाण्यावर मात्र त्याच्याकडे इलाज नाही. मुळांनाही हवा लागते. ज्या भागातून हे झुडूप आलं तिथे वर्षाला काही शे मिलिमीटर पाऊस होतो. आमच्याकडे तीन हजारांच्या वर होतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. त्यात आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, तर कुंडीतली माती कशी वाळणार?

म्हणून मृग लागला की कुंडी पागोळ्यांपासून आत घ्यावी, पण उजेड सोडू नये. खिडकीशी किंवा पडवीच्या कडेला ठेवावी. पाणी घालायचं की नाही हे पानाला विचारावं. पान चिमटीत टणक लागलं तर नको. सुरकुतलं, लवलं तर द्यावं आणि एकदाच भरपूर, तळातून निघेपर्यंत. पान पिवळट, पाणचट, आरपार दिसू लागलं तर पाणी आधीच जास्त झालेलं असतं. भर पावसाळ्यात महिनाभर पाणी नाही दिलं तरी माझ्याकडची रोपं खुशाल असतात. आमची तांबडी माती एकटी वापरली तर घट्ट बसते. मी निम्मी माती घेते आणि निम्म्यात नदीची जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडा कोळसा. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं पुसला की जातो.

बुंधा कुजला म्हणून रोप फेकू नये. वरची टणक फांदी धारदार सुरीनं कापावी. कापात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापावं, पांढरट-हिरवा स्वच्छ काप येईपर्यंत. मग ती चार-पाच दिवस सावलीत तशीच ठेवावी. कापावर खपली धरते. त्यानंतर कोरड्या मिश्रणात खोचावी आणि आठवडाभर पाण्याचं नाव काढू नये.

सत्कार ठरवणाऱ्या मंडळांना, शाळांना, पतसंस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, की मातीच्या साध्या कुंडीतलं रोप द्या. चिनीमातीचीच हवी असेल तर टाइल्सचं ड्रिल असलेल्या कुठल्याही प्लंबरकडून बुडाला भोक पाडून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. सोबत रोपाचं खरं नाव आणि 'माती पूर्ण वाळल्यावरच पाणी' एवढी चिठ्ठी जोडा. आणि आपण, संपादक महोदय, त्या लेखातल्या दोन्ही गोष्टींची दुरुस्ती पुढच्या शनिवारी त्याच पानावर छापावी. सत्कारांची रोपं पुढच्या आठवड्यापासून घरोघरी जायला लागतील.

आपली नियमित वाचक,
चिपळूण