म्युसिन हाताळताना

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

प्रकल्पाला म्युसिन घेतलंस, छान. शेंबूड म्हटलं की माणसं नाक मुरडतात. पण त्यात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. उरलेल्या थोडक्यात म्युसिन हे शर्करा चढलेलं प्रथिन येतं, आणि चिवटपणा काय नि बुळबुळीतपणा काय, दोन्ही त्याचेच.

रेणू आधी डोळ्यांसमोर आण. प्रथिनाच्या कण्यावर सेरीन-थ्रिओनीन या अमिनो आम्लांची दाटी असते. त्यांवर पेशीतल्या गॉल्जी या अंगकात शर्करांच्या साखळ्या चढतात आणि सगळा रेणू बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसू लागतो. निम्म्याहून जास्त वजन शर्करांचंच. साखळ्यांवरच्या सायलिक आम्लाचा आणि सल्फेटचा ऋण भार त्यांना एकमेकींपासून लांब ठेवतो, पाणी धरून ठेवतो. वंगण म्हणतात ते हेच धरलेलं पाणी. जाळं विणतात ते मात्र दोन्ही टोकांकडचे डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध. ते तोडले की जेल पातळ होतं.

पेशीच्या कणिकांत (साठवणीच्या पिशव्यांत) हे सगळं कॅल्शियम आणि आम्लतेच्या जोरावर दाबून बसवलेलं असतं. बाहेर पडल्यावर बायकार्बोनेट कॅल्शियम ओढून घेतं आणि म्युसिन शेकडो पटींनी फुगतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात बायकार्बोनेटच कमी पडतं, घडी नीट उलगडत नाही.

आता कामाचं. आतड्याचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नकोस. त्यातल्या पाण्यामुळे श्लेष्माचा (आतड्यावरच्या बुळबुळीत आवरणाचा) थर आक्रसतो, धुऊनही जातो, आणि थर नव्हताच असा निष्कर्ष निघतो. कार्नॉय हे बिनपाण्याचं स्थिरीकरणाचं द्रावण वापर: ६० भाग इथेनॉल, ३० क्लोरोफॉर्म, १० ग्लेशियल असेटिक आम्ल. त्याआधी तुकडा सलाइनने खळखळून धुवायचा नाही. मग रंग: अल्शियन ब्ल्यू २.५ पीएचला सगळी आम्लधर्मी म्युसिनं रंगवतो, १ पीएचला फक्त सल्फेटवाली; उदासीन म्युसिनांसाठी पीएएस, म्हणजे शर्करा रंगवणारी चाचणी.

वेगळं काढायचं असेल तर प्रथिनं उलगडून विरघळवणारं ६ मोलर ग्वानिडिन क्लोराइड, सोबत कॅल्शियम धरून ठेवणारं ईडीटीए आणि प्रोटिएज-रोधक, ४ अंशांवर रात्रभर हळू ढवळत. व्हॉर्टेक्स (जोरात घुसळणारं यंत्र) नको, सोनिकेटर (ध्वनिलहरींनी फोडणारं) तर अजिबात नको. एवढे लांब रेणू तुटतात आणि मग मोजलेली श्यानता खोटी ठरते. आतड्यातलं मुख्य म्युसिन, एमयूसी२, तरीही विरघळत नाही, गाळातच राहतं. तो फेकू नकोस, डीटीटी या रसायनाने डायसल्फाइड बंध तोडून मग विरघळव.

बाटलीत विकत मिळणारं डुकराच्या जठराचं म्युसिन स्वस्त असतं, पण बहुधा पेप्सिनने अर्धवट पचवलेलं. रंगाची चाचणी घ्यायला चालेल. आम्लात जेल होतं का हे त्यावर तपासशील तर फसशील.

विजेच्या प्रवाहाने रेणू वेगळे करताना पॉलिॲक्रिलामाइडच्या जेलमध्ये अख्खा रेणू शिरतच नाही, ॲगरोजचा घे. कूमासी या प्रथिनाच्या रंगाने पट्टा दिसला नाही तर नमुना वाया गेला असं समजू नकोस: शर्करांच्या आवरणामुळे रंग प्रथिनापर्यंत पोचत नाही. तोच जेल पीएएसने रंगवून बघ आणि फोटो पाठव.

तुझे,
बाबा