डुकराच्या दाढेबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव न घालण्याच्या अटीवर तुम्ही या पत्राला होकार दिलात, म्हणून नाव गाळलंय. पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहायचं होतं. चूक मी चारचौघांत केली, मग आभार गुपचूप फोनवर का मानायचे?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावाखालच्या नाल्यातला गाळ काढताना सातवीतल्या पोट्ट्यांना एक दाढ सापडली. काळपट, झिजून गुळगुळीत झालेली, वरून पाहिली तर थेट माणसाची. मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. रात्री साडेदहाला तालुक्याच्या ग्रुपवर फोटो टाकून मोकळा झालो: ‘आमच्या गावी आदिमानवाचा दात!’ सकाळपर्यंत दोन पत्रकारांचे फोन आले आणि सरपंच शाल घेऊन शाळेत हजर. तो फोटो फिरत फिरत नागपूरला, दातांच्या अभ्यासक म्हणून तुमच्यापर्यंत पोचला.

तुमचा पहिला फोन मला शब्द न् शब्द आठवतो. ‘सर, दाढ छान आहे. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून चारी बाजूंनी फोटो काढा. मुळांचा वेगळा. आणि तोवर मुलाखत देऊ नका.’ दुसऱ्या दिवशी म्हणालात, ‘डुक्कर आहे हो.’ मी गप्प. तुम्हीही थोडं थांबलात, मग नेब्रास्काची गोष्ट काढलीत. १९२२ साली अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयाचे प्रमुख हेन्री ऑस्बोर्न यांनी अशाच एका झिजलेल्या दातावरून कपीची, म्हणजे चिंपांझी-गोरिलाच्या कुळातल्या बिनशेपटीच्या प्राण्याची, नवी जात जाहीर केली, नाव दिलं हेस्पेरोपिथेकस. तिथेच पुन्हा खोदल्यावर कळलं की दात पेकरीचा, म्हणजे डुकराच्या तिकडच्या भावकीतल्या प्राण्याचा. १९२७ मध्ये दावा मागे घेतला गेला. ‘त्यांना पाच वर्षं लागली, तुम्हाला दोन दिवस,’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. त्याच रात्री ग्रुपवर दुरुस्ती टाकली. चार जण हसले. हसू दे.

तेवढ्यावर थांबला असतात तरी आभार मानलेच असते. पण तुम्ही एका रविवारी एसटीने आलात, पिशवीत भिंग आणि दातांचे साचे घेऊन. आल्या आल्या विचारलंत, ‘गावात जनावरांचे दात बघणारं कोण आहे?’ मला वाटलं डॉक्टर हवाय. तुम्हाला हवा होता बैलबाजारातला आमचा दलाल काका. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शाळेत खुर्ची मिळाली असेल. त्याने बाहेर बांधलेल्या गोऱ्ह्याचा खालचा ओठ अंगठ्याने ओढला अन् म्हणाला, ‘हा दोन दाती. चार दाती व्हायले टाइम हाये अजून.’ आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला... पोरांना हे पाठच होतं, पण हेच गणित तुम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगच्या लेकराला लावलंत. १९२४ मध्ये सापडलेली, माणसाच्या प्राचीन कुळातल्या पोराची ती लहानशी कवटी. पहिल्या पक्क्या दाढा नुकत्या फुटलेल्या. दात यायचा माणसाचा वेग धरला तर वय सहाच्या आसपास, कपींचा धरला तर तीन-चार. दातावरच्या बारीक वाढरेषांनी निकाल कपींच्या बाजूने दिला. काका लगेच म्हणाला, ‘म्हंजे म्हशीचं वय गाईच्या हिशेबानं नाई धराव.’ तुम्ही वहीत ते लिहून घेतलंत, मी पाहिलंय.

मग माती. पोळ्याचे बैल करायला पोरं आणतात तीच. तिच्यात एकेक दात दाबून ठसे उठवायला लावलेत. मागे शिवारात तारेला चिकटून मेलेल्या वानराचा जबडा शाळेच्या कपाटात होता. त्याच्या दाढेवर चार टेकाडं, दोन-दोन आडव्या धारेने जोडलेली, मध्ये खाच. ‘सर, हे तं सरी-वरंबा हाये!’ एक पोरगी ओरडली. इतकं सोपं कुठल्या पुस्तकात नाही. मग सहावीतल्या एकाची नुकतीच पडलेली खालची दुधाची दाढ. घरी ती कौलावर जायची, ती भिंगाखाली आली. पाच टेकाडं आणि त्यांच्यामधून फाटा फुटलेल्या पांदणीसारखी इंग्रजी वायची खाच. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान आणि आपण, सगळ्यांच्या खालच्या दाढांचा पाया हाच. आमच्या डुकराच्या दाढेत मात्र मोठ्या टेकाडांच्या मध्ये बारकी बारकी टेकाडं दाटीवाटीने बसलेली. एकदा दिसल्यावर दिसतच राहतात. मला आधी का दिसली नाहीत? कारण मला आदिमानव हवा होता.

रामापिथेकस या जुन्या, जीवाश्मातल्या कपीबद्दल मी तुमच्याशी वाद घातला, तो वाद म्हणून लक्षात ठेवू नका. आमच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात तो माणसाचा पूर्वज होता आणि परीक्षेत मी त्याच्यावर पाच गुण मिळवले होते! १९३२ साली हिमाचलातल्या हरितल्यांगरला जबड्याचा तुकडा मिळाला. सुळा लहान, दाढेचं कवच (एनॅमल) जाड, म्हणून माणसाचा. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या दुसऱ्या जुन्या कपीचा चेहराच सापडला, १९८२ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं, आणि तो निघाला ओरांगउटानसारखा. रामापिथेकस त्याच शिवापिथेकसमध्ये जमा झाला. जाड कवच एकट्या माणसाची मिरासदारी नाही, हे मला तीस-पस्तीस वर्षं उशिरा कळलं.

पोरांना सगळ्यांत आवडला तो जायगँटोपिथेकस, नामशेष झालेला राक्षसी कपी. १९३५ मध्ये हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात ‘ड्रॅगनचा दात’ म्हणून मिळालेली भलीमोठी दाढ, आणि आजवर त्या प्राण्याचे चार खालचे जबडे अन् सुमारे दोन हजार दात, बाकी काही नाही. हाडं साळिंदरांनी कुरतडली असावीत, असं सांगितल्यावर पोरं हसली. हरभऱ्यात साळिंदर शिरल्यावर काय उरतं, ते त्यांना ठाऊक आहे. आणि २०१९ साली त्याच्या दाताच्या कवचातली जवळपास वीस लाख वर्षं जुनी प्रथिनं वाचून तोही ओरांगउटानचा दूरचा नातलग ठरवला, हे ऐकून काका म्हणाला, ‘आता दातच बोलाले लागले.’

जाताना तुम्ही नाल्याकडे बघून सांगितलंत, या काळ्या दगडात कपी शोधू नका, हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा कपी नव्हतेच. गाळात शोधा, पण सापडलं तर जागेवरून हलवायच्या आधी फोटो काढा. पोरांनी भिंतीवर लिहून ठेवलंय: ‘आधी नाणं, मग फोटो, मग हात.’

दाढ कपाटातच आहे. ‘आदिमानव’ची चिठ्ठी मी फाडत होतो, मुलांनी फाडू दिली नाही. त्याच चिठ्ठीवर आडवी रेघ मारून खाली ‘डुक्कर’ लिहिलंय.

काका विचारत असतो, ‘त्या दातवाल्या बाई कवा येतात?’ तान्ह्या पोळ्याला या. एसटी थेट गावात येत नाही, फाट्यावर मी गाडी घेऊन उभा राहतो.

आपला,
गावाकडचा एक विज्ञान शिक्षक