ऑर्डर बंदची पाटी

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला यादीचा फोटो मोठा करून नीट वाचला. एका दिवसाच्या यादीत एकोणीस कामं, आणि खाली तुझा प्रश्न, "आई, मी आळशी झालेय का गं?" फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आळशी मुलीची यादी अशी नसते. प्रश्नावलीच्या प्रती काढणे, दोन कॉलेजांची परवानगी, गाइडना प्रबंधाचं दुसरं प्रकरण, नेट परीक्षेचा जुना पेपर सोडवणे, जर्मनचा गृहपाठ, धावायला जाणे, कपाट आवरणे, वेदांतच्या मुंजीचा व्हिडिओ... यातली निम्मी कामंसुद्धा एका दिवसात कुणाच्याच हातून होणार नाहीत. मग रोज रात्री तू उरलेली कामं मोजतेस आणि स्वतःला दोष देत झोपतेस. मला त्याचीच काळजी वाटते.

आपल्या दुकानावर दसऱ्याच्या सुमारास 'दिवाळीच्या ऑर्डर बंद' अशी पाटी लागते, ती तू लहानपणापासून बघत आलीस. ती कोणत्या दिवशी लावायची हे मी कसं ठरवते, ते मात्र तुला कधी सांगितलं नाही. मी वही काढते आणि तास मोजते. ब्लाउज किती आले ते मोजून काहीच कळत नाही. साधा सुती ब्लाउज वेगळा, अस्तराचा वेगळा, प्रिन्सेस कट वेगळा. पैठणीचा आला तर दोन्ही बाह्यांवरचा काठ एका रेषेत बसला पाहिजे आणि कात्री चुकली तर तसलं कापड पुन्हा मिळत नाही. तेवढ्या वेळात साधे तीन होतात. वर गळ्याला पाइपिंग, पाठीला लटकन, हुक आणि हातशिलाई. दिवाळीपर्यंतचे तास भरले की पाटी लागते, मग वहीची पानं कितीही कोरी असोत.

पाटी लागल्यावर जुनं गिऱ्हाईक आलं, तरी मी कापड ठेवून घेत नाही. एकदा कापड टेबलावर आलं की ते शिवावंच लागतं, म्हणून जे काही नाही म्हणायचं ते दारातच. दसऱ्याला नाही म्हटलेल्या बाईला दुसरा टेलर शोधायला वेळ असतो. होय होय करत कापड ठेवून घेतलं आणि वसुबारसेला हात वर केले, तर तिचा सण गेला. माझ्या मते वेळेवर सांगितलेला नकार हा त्या बाईचा मान राखणं आहे. मधुरा, तुझ्या यादीला दारच नाही. कुणी काही सांगितलं की ते आत येतं आणि राहतं.

म्हणून उद्यापासून प्रत्येक कामापुढे वेळ लिही. पण तो मनाने लिहू नकोस. तूच मला मागे वाचून दाखवलं होतंस की डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, माणूस स्वतःच्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बहुतेकदा कमी धरतो. आणि कॅनडातला तो १९९४ चा अभ्यास, ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांचा, तो तर तुझ्यासारख्याच मुलांवरचा. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. सगळं बिघडेल असं धरूनसुद्धा अंदाज अपुरा पडला, हे माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या प्रकरणापुढे तू 'दोन तास' लिहिलंयस. पहिल्या प्रकरणाला किती लागले, ते तुला माहीत आहे. तोच आकडा इथे घाल. मीही नव्या ब्लाउजची तारीख देताना मागच्या वर्षीची वही उघडते, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून तारीख देत नाही.

आता क्रम. सुती अस्तर रात्री भिजत घालून, वाळवून, इस्त्री करून घेतलं नाही तर पहिल्या धुण्याला ते आटतं आणि ब्लाउज आत ओढला जातो. भिजत घालायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण ती पाच मिनिटं रात्री राहिली तर सकाळी कटिंगच अडतं. तुझ्या यादीत कॉलेजांच्या परवानगीचं पत्र अकराव्या नंबरावर आहे. ते पत्र जात नाही तोवर प्रश्नावल्या छापून त्या द्यायच्या कुणाला? दुसऱ्याच्या सहीसाठी, उत्तरासाठी जे काम थांबणार असतं, ते सकाळी सगळ्यात आधी हातावेगळं करावं. पत्र गेलं की ते तिकडे फिरत राहील आणि तू इकडे लिहीत बसशील. कपाट आवरणं पहिल्या नंबरावर का आहे ते मला कळतं. ते सोपं आहे आणि लगेच झाल्यासारखं दिसतं. ते खोडून टाक. कपाट मे महिन्यात आपण दोघी मिळून आवरू.

जर्मनच्या गृहपाठापुढे बाण काढून 'उद्या' लिहिलंयस, आणि शाई वेगवेगळी आहे, म्हणजे हा बाण रोज पुढे सरकतोय. असं काम रोज मनाला टोचत राहतं आणि होत तर नाहीच. त्याचे दोनच मार्ग. एक तर त्याला तारीख आणि वेळ दे, नाहीतर ते सोड. तारीख दिली की मनही ते काम खाली ठेवतं. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत हेच दिसलं होतं ना? काम पुरं झालं नाही तरी ते कधी आणि कसं करायचं हे पक्कं ठरलं, की ते डोक्यात घोळायचं थांबतं. जर्मन तुला मनापासून शिकायचंय हे मला ठाऊक आहे. प्रबंध जमा झाल्याच्या पुढच्या सोमवारपासून, असं लिही आणि तोवर क्लासच्या बाईंना तसं कळव. नेटचंही तसंच. ती परीक्षा वर्षातून दोनदा होते. या खेपेला अर्धवट तयारीने बसून मन खट्टू करून घेण्यापेक्षा पुढच्या खेपेला नीट बस. बाबांना वाटतं तू आत्ताच द्यावीस. आमचं त्यावर बोलणं झालंय, पण ठरवायचं तू.

धावणं मात्र खोडू नकोस. झोप आणि दोन वेळचं जेवण यादीत लिहायची गरज नाही, पण त्यांच्या वेळात दुसरं कामही लिहायचं नाही. तू दुपारी मेसला जायचं टाळून बिस्किटांवर भागवतेस, हे मला तुझ्या रूममेटकडून कळलंय.

यादीत खाली 'आईला फोन, साडेनऊ' असंही आहे. वाचून क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तेही काढ. रोज घड्याळ बघत, एक डोळा लॅपटॉपवर ठेवून केलेला फोन मला नको. रविवारी सावकाश कर. मध्ये कधी नुसतं 'जेवले' एवढं लिहून पाठवलंस तरी मला पुरतं.

राहिला वेदांतच्या मुंजीचा व्हिडिओ. तुला तो छान जमतो, म्हणून काकूने हक्काने सांगितलं आणि तू हो म्हणून बसलीस. फोटो निवडायचे, गाणं बसवायचं, आत्यांचे, मामांचे फोटो राहिले म्हणून पुन्हा बदलायचं. दोन-तीन रात्री सहज जातील, आणि त्या नेमक्या दुसऱ्या प्रकरणाच्या रात्री आहेत. मुंजीला अजून महिना आहे. आज सांगितलंस तर काकू फोटोग्राफरकडून करून घेईल किंवा सोहमला कामाला लावेल. आदल्या आठवड्यात सांगितलंस तर तिची धावपळ होईल आणि तिचा रागही रास्त असेल. तिला जरा लागेल, पण ती समजून घेईल. मुंजीच्या आदल्या दिवशी ये आणि तिच्या हाताखाली काम कर, तिला तेच जास्त आवडेल.

फोन तू स्वतः कर, आज संध्याकाळी. चार वाजता तिचं काम आटोपतं, त्यानंतर ती मोकळी असते. मी तिला आधी काही सांगणार नाही.

तुझी,
आई